मावशींनी बसायचं नाही

"त्या सुमन मावशींना कडेला उभं करा. पाहुण्यांच्या जवळ नको. पायाला वास येतो."

मोठ्या मॅडम हळू आवाजात बोलल्या. स्टेजच्या बाजूच्या पडद्याआड मी उभी होते. एका हातात बंद माइक, दुसऱ्या हातात टाइप केलेले दोन कागद. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं असेल. त्यांना त्यानं फरक पडला नसता.

सुपरवायझर सरांनी मान डोलावली. आईला त्यांनी हात लावला नाही. फक्त बोटानं दाखवलं, तिकडं. आई सत्काराच्या रांगेच्या टोकाला सरकली. हसत सरकली. साडीचा काठ तिनं आणखी खाली ओढला.

सुमन मावशी माझी आई.

शाळेचं गॅदरिंग होतं. बारामतीतली इंग्लिश मीडियमची शाळा. मी तिथंच शिकले आणि आता वर्षभरापासून तिथंच तिसरीला शिकवते. आई तिथं अठरा वर्षं मावशी आहे. मावशी म्हणजे लहान मुलांना बाथरूमला नेणारी, त्यांच्या उलट्या पुसणारी, वर्गाच्या दाराबाहेर उभी राहणारी बाई. मोठ्या मॅडम म्हणजे संस्थेच्या चेअरमनच्या पत्नी. शाळा त्याच चालवतात.

त्या दिवशी तीन मावशींचा सत्कार होता. शाल, नारळ आणि प्रमाणपत्र. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं, कारण माझं इंग्लिश स्वच्छ आहे असं मॅडम म्हणतात. काय वाचायचं ते ऑफिसनं लिहून दिलं होतं. आईसाठी चार ओळी होत्या, इंग्लिशमध्ये. चौथी ओळ अशी होती की या अठरा वर्षांत सुमन मावशींना कुणीही, कधीही बसलेलं पाहिलेलं नाही.

हे कौतुक होतं. ते मी वाचायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी कागद हातात पडल्यापासून ती ओळ मी सारखी वाचत होते. जेवतानाही कागद ताटाशेजारी होता.

आमचं गाव शेळगाव, इंदापूर तालुका. माझे वडील, आण्णा, तिथली शेती बघतात. थोडं डाळिंब, थोडा भाजीपाला. मी पाच वर्षांची असताना आई मला घेऊन बारामतीला लागून असलेल्या जळोचीत भाड्याच्या खोलीत राहायला आली. मला इंग्लिश शाळेत घालायची जिद्द तिची एकटीची होती. ती मोठ्या मॅडमना जाऊन भेटली. मॅडम म्हणाल्या, इथं काम करा, मुलीच्या फीचं आम्ही बघू. फक्त एक गोष्ट. शाळेत मुलीनं तुम्हाला आई म्हणायचं नाही. बाकीच्या पालकांना ते आवडणार नाही.

आईला त्यात काही वाईट दिसलं नाही. खोलीवर आल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"साळंत मी मावशी. घरी आई. कळलं का?"

"का?"

"का म्हंजी? साळंचा नियम हाय."

मी नियम पाळला. दहावीपर्यंत पाळला. एकदाही चुकले नाही. मी हुशार मुलगी होते.

दुसरा नियम मावशींसाठी होता. बसायचं नाही. तो कुठं लिहिलेला नव्हता. कॉरिडॉरमध्ये स्टूल ठेवलं तर ते संध्याकाळपर्यंत स्टोअररूममध्ये गेलेलं असायचं. पालक येतात, मावशी बसलेल्या दिसल्या तर बरं दिसत नाही. भिंतीला टेकायचंही नाही, रंगावर तेलकट डाग पडतो. तरी आई टेकायची. पहिलीच्या वर्गाशेजारच्या खांबावर, तिच्या खांद्याच्या उंचीला, एक पिवळट डाग होता. दर मे महिन्यात त्याच्यावर रंग मारायचे. दिवाळीपर्यंत तो परत वर यायचा. तो कुणाचा आहे ते मला माहीत होतं. त्या खांबाजवळून जाताना मी दुसरीकडं बघायचे.

आईची उभं राहायची एक रीत होती. थोडा वेळ एका पायावर भार, थोडा वेळ दुसऱ्या. मग टाचा वर, टाचा खाली. टाचा वर, टाचा खाली. मला वाटायचं तिला कंटाळा आलाय.

घरी आल्यावर तिचे पाय दिसायचे. पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरा, दोरखंडासारख्या पिळलेल्या, मध्येच गाठी. घोट्याभोवतीची कातडी तपकिरी पडलेली, चकाकणारी. चपलेचा पट्टा पायात रुतलेला, त्याचा वळ झोपेपर्यंत जायचा नाही. खाज इतकी की ती लाटण्यानं खाजवायची. मी तिला टोपात कढत पाणी द्यायचे, मीठ टाकून. ती पाय बुडवून डोळे मिटायची. "आत्ता कसं बरं वाटलं बाई." गरम पाण्यानं शिरा आणखी फुगतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी रोज मन लावून तिचा पाय बिघडवत होते.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट.

छोट्या सुट्टीनंतर आमची रांग लॅबकडं चालली होती. आई समोरून बादली घेऊन येत होती. बादलीच्या कडीचा पत्रा सुटलेला होता. तो तिच्या घोट्याला घासला. एवढासा ओरखडा. आणि रक्त उडालं. वाहिलं नाही. उडालं. ठिबकची नळी उंदरानं कुरतडली की जशी बारीक चिळकांडी उडते, तसं. पांढऱ्या फरशीवर. भिंतीवर. माझ्या पुढच्या मुलीच्या पांढऱ्या मोज्यावर.

मुली किंचाळल्या. जिच्या मोज्यावर रक्त पडलं ती रडायला लागली. टीचर धावत आल्या. तिच्याकडं.

"मोजा काढ बेटा, लगेच काढ." मग वळून म्हणाल्या, "मावशी, आधी पुसून घ्या ते. मुलं घसरतील."

आईनं फडकं घेतलं. कमरेत वाकून उभ्यानंच पुसायला लागली. पुसलेल्या जागी परत रक्त पडायचं. ती मागं सरकायची, रक्त तिच्याबरोबर सरकायचं. अशा वेळी माणसाला आडवं करायचं, पाय उंच धरायचा, जखमेवर बोट दाबून ठेवायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं. ते तिथं कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मावशीला शाळेच्या फरशीवर झोपवायचं हे कुणाच्या डोक्यात आलं असतं का, मला शंका आहे.

आईनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, नको.

शेजारची मुलगी नाक दाबून म्हणाली, "ईऽ, मावशीचं रक्त!"

तेव्हा मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"मावशींना लागलंय."

असं. आदरार्थी. परक्या बाईबद्दल बोलावं तसं. आणि रांगेबरोबर लॅबमध्ये गेले. आम्ही त्या तासाला लिटमस पेपर बुडवून बघितले. माझा कागद लाल झाला की निळा, ते मात्र आठवत नाही.

मागच्या नळावर दुसऱ्या एका मावशीनं जुन्या ब्लाउजची चिंधी आईच्या पायाला आवळली. शाळा सुटेपर्यंत आई कामावर होती.

संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. म्हणजे तीच मला घेऊन गेली. इंग्लिश बोलणारं कुणी बरोबर असलं की डॉक्टर नीट बघतात, असा तिचा समज. डॉक्टरांची मुलगी माझ्याच वर्गात होती. माझा युनिफॉर्म बघून ते खूश झाले, माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलायला लागले. पायावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, आई काय करते? फार वेळ उभं राहायचं काम आहे का?

त्यांची मुलगी उद्या मला वर्गात भेटणार होती.

"नो सर," मी म्हणाले. "हाउसवाइफ."

आई माझ्याकडं बघत होती. तोंडभर कौतुक. पोरगी डॉक्टरशी इंग्लिश बोलतेय. काय बोलतेय ते तिला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी जखम बांधली. एक लांब घट्ट मोजा लिहून दिला, गुडघ्यापर्यंतचा. वजन कमी करा, चाला, म्हणाले. उभं राहू नका, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायला मी कारणच ठेवलं नव्हतं.

त्या मोज्याचं आईनं जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. तिनं तो जपला. हातानं धुतला, सावलीत वाळवला, त्याच्याच पिशवीत घालून पेटीत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिला. दवाखान्यात जायचं असलं की काढायची. एकदा मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा घातला होता. मी म्हटलं, रोज घालायचा असतो तो. ती म्हणाली, "रोज घातला तर इरंल की. चांगली वस्तू हाय." मला वाटलं, मीही एक वस्तू, डॉक्टरांपुढचं ते खोटं, अशीच घडी करून ठेवलेली आहे. ती काढून दाखवायची माझी तयारी नव्हती.

दहावीच्या सराव परीक्षेत प्रश्न आला होता. शिरांना झडपा का असतात? मी उत्तर लिहिलं. रक्त हृदयाकडं जाताना उलटं खाली येऊ नये म्हणून. आकृती काढली, बाण दाखवले. पूर्ण मार्क मिळाले. पेपर लिहिताना दाराच्या काचेतून बाहेर उभी असलेली मावशी दिसत होती. टाचा वर, टाचा खाली.

मी ते दोन्ही एकत्र जोडलं नाही. पुस्तकातला पाय वेगळा, आईचा पाय वेगळा. आम्हाला तसंच शिकवलं होतं.

गेल्या वर्षी मी त्या शाळेत टीचर म्हणून लागले आणि त्याच वर्षी आईचा पाय फुटला. घोट्याच्या आतल्या बाजूला आधी वाटाण्याएवढं तोंड. मग रुपयाएवढं. कडा जांभळ्या, मधून पाणी गळतंय. तिनं हळद भरली. कडुलिंबाचा पाला वाटून बांधला. जखम भरेना. मग वास यायला लागला. ती दोन-दोनदा अंघोळ करायची, पायाला पावडर लावायची. पावडर आणि तो वास मिळून आणखीच काहीतरी व्हायचं.

शाळेत ती आता मला टीचर म्हणायची. मी तिला मावशी. माझ्या वर्गात माझ्यासाठी खुर्ची होती, पाठीला गादी असलेली. दाराबाहेर आई उभी असायची. पोरं पाढे म्हणत असताना मी त्या खुर्चीत बसायचे. हे मी लिहितेय, कारण मी बसायचे.

मी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. या वेळी डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आईच्या पायावर थंडगार जेल लावून मशीन फिरवलं. मशीनमधून आवाज यायचा. त्या पोटरी दाबायच्या, श्श्, असा आवाज व्हायचा. रक्त वर गेलं. मग सोडायच्या. परत श्श्शऽऽ, लांबलचक.

"हा दुसरा आवाज यायला नको," त्या म्हणाल्या. "हे रक्त परत खाली पडतंय. झडपा निकामी झाल्यात. मावशी, काय काम करता तुम्ही?"

त्यांनीही मावशीच म्हटलं. आईनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं. काय सांगायचं ते तू सांग.

"शाळेत मावशी आहे," मी म्हणाले. "दिवसभर उभी असते. अठरा वर्षं."

आईनं माझ्याकडं दचकून बघितलं.

डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. उभं राहिलं की खाली साचलेल्या रक्ताचा दाब वाढतो, कातडी आतून मरते, मग फुटते. टाचा वर-खाली केल्या की पोटरीचा स्नायू रक्त थोडं वर ढकलतो. "या करतात ना तसं? बरोबर करतात. कुणी शिकवलं?" कुणीच नाही. तिच्या पायालाच ते सुचलं होतं. आधी पट्टी बांधून, पाय उंच ठेवून जखम भरायची. मग शिरेवर लेझर करता येईल. "पण उभं राहणं बंद व्हायला पाहिजे. नाहीतर ही भरणार नाही. आणखी आत गेली तर पायाचं मी काही सांगू शकत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. सतत उभं राहायचं काम देऊ नये, बसायची सोय करावी.

रिक्षात आईनं चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "त्या आदुगरच्या डाक्टरनं का न्हाय सांगितलं गं, उभं ऱ्हाऊ नका म्हणून?"

मी सांगितलं. का नाही सांगितलं ते. त्यांची मुलगी, माझा युनिफॉर्म, हाउसवाइफ. सगळं. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या बघत सांगितलं.

ती रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

"मग बरुबरच केलंस की. साळंचा नियमच हुता तसा."

रविवारी आण्णा एसटीनं आले, पिशवीभर वांगी घेऊन. मी त्यांना पायाचं समजावून सांगायला लागले आणि अडखळले. माझ्याकडं सगळे शब्द इंग्लिशमधले. ते ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "म्हंजी फूटव्हॉल गेलाय म्हण की."

विहिरीतल्या पाइपच्या बुडाला असतो तो. मोटर बंद झाली की चढलेलं पाणी परत खाली उतरू देत नाही.

"व्हय," मी म्हणाले. "तेच."

"मग पाणी खाली उतरणारच. कितीबी मोटर चालू करा." त्यांनी आईच्या पायाकडं बघितलं. "बदलून मिळतो का गं फूटव्हॉल?"

"मिळतोय की," आई म्हणाली. "आणा जावा शेळगावातनं. येताना वायसरबी आणा."

तिघंही हसलो. मग आण्णांनी हातातलं वांगं खाली ठेवलं, उठून दोन उशा आणल्या आणि आईच्या पायाखाली सारल्या. मी जन्मात त्यांना आईच्या पायाला हात लावताना पाहिलं नव्हतं. आईनं पाय ओढून घेतला. त्यांनी परत ठेवला. "ऱ्हाऊ दे. गप बस."

पेटीतून मोजा निघाला. इतक्या वर्षांनी नव्यासारखा. पण तो आता ओढून चढवायचा तर जखमेवरूनच जाणार होता. रोज पट्टी बांधायचं काम माझ्याकडं आलं.

मोठ्या मॅडमकडं चिठ्ठी घेऊन मी गेले. त्यांच्या केबिनमध्ये सोफा आहे, दोन खुर्च्या आहेत. त्यांनी मला बस म्हटलं नाही. चिठ्ठी वाचून टेबलावर पालथी ठेवली.

"अशा चिठ्ठ्या सगळ्याच आणतात."

मी म्हटलं, एक स्टूल फक्त. वर्गाबाहेर.

"एकीला दिलं की उद्या सगळ्या मागतील. आणि बसूनच काम करायचं तर घरी बसावं ना त्यांनी. मी कुठं अडवलंय?" मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. आवाज मऊ केला. "तू आज टीचर आहेस ती कुणामुळं? त्या इथं उभ्या राहिल्या म्हणून. विसरू नकोस."

मी म्हणाले, "येस मॅम. थँक यू मॅम."

थँक यू. कशाबद्दल? अकरा वर्षं मला हीच दोन वाक्यं सगळ्यात चांगली शिकवली गेली होती. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडायची.

पुढच्या सोमवारी आईची बदली झाली. मागच्या बाजूच्या बाथरूमकडं. तिथं पालक जात नाहीत. मला वाटलं, आता तरी बसता येईल. मधल्या सुट्टीत मी बघायला गेले. दाराबाहेर ओल्या फरशीवर आई उभी होती. समोरच्या भिंतीवर नवा कॅमेरा.

"सोड की ही नोकरी," मी घरी म्हणाले.

"तुझं पर्मनंट हुईस्तर कळ काढीन. मग सोडते." पट्टी सोडताना तिनं दात आवळले होते. कापूस जखमेला चिकटला होता. "मी मधीच सोडून गेली तर तुला ठिवतील का त्या?"

म्हणजे तिचा पाय आणि माझी नोकरी एकाच दोरीला बांधलेली होती. आणि दोरी तिनंच बांधली होती, माझ्यासाठी. मी तो कापूस पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. खाली ओलं मांस होतं. तिथं माझं इंग्लिश होतं, माझे पूर्ण मार्क होते, माझी गादीची खुर्ची होती. हे सगळं तिथून गळत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वास आला नाही. राग आला.

पण राग येणं वेगळं आणि बोलणं वेगळं. मी चारचौघांत बोलत नाही. माझ्या हातात माइक देतात तेव्हा मी दुसऱ्यानं लिहिलेलं वाचते. त्यात मी चांगली आहे.

आणि मग ते गॅदरिंग.

पहिल्या मावशींचा सत्कार झाला. टाळ्या. स्टेजवर पाहुण्यांच्या पाच खुर्च्या होत्या, पांढरे कव्हर घातलेल्या, मागं सॅटिनची बो बांधलेली. एक पाहुणे आलेच नव्हते. त्यांची खुर्ची रिकामी. आई रांगेच्या टोकाला, पडद्याला जवळजवळ चिकटून उभी. तासभर झाला होता. पोरांचे डान्स होईपर्यंत मावशींना तिथंच थांबायला सांगितलं होतं, मध्येच धावपळ नको म्हणून.

मी तिचं नाव घेतलं. ती पुढं आली. मोठ्या मॅडम शाल उघडून तयार. फोटोसाठी त्या हसत होत्या, पण एक हात अंतर ठेवून.

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. आई हसत होती. तिला माहीत होतं की पोरगी इंग्लिशमध्ये आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलतेय. तिचा तोच चेहरा होता. दवाखान्यातला. नो सर, हाउसवाइफ.

चौथी ओळ.

साडीच्या काठाखाली टाचा वर झाल्या. खाली आल्या. वर झाल्या. पांढऱ्या पट्टीवर घोट्याजवळ पिवळा-लाल ओला गोल पसरलेला होता. मी सकाळीच बांधली होती.

मी कागदाची घडी घातली. अर्धी, मग आणखी अर्धी.

समोर सगळे पालक. मोबाइल वर धरलेले. पहिल्या रांगेत शाळेचा स्टाफ. मी रिकामी खुर्ची ओढली. प्लायवूडवर तिचा असा आवाज झाला की मागची पोरं हसली. खुर्ची मी आईच्या मागं आणून ठेवली. पाहुण्यांसमोरच्या टीपॉयवरचा गुच्छ उचलून खाली ठेवला आणि टीपॉय तिच्या पुढं सरकवला. पाय ठेवायला.

"व्हॉट आर यू डुइंग?" मोठ्या मॅडम हसू न सोडता म्हणाल्या. ओठ हलवायचेही नाहीत, असं.

आईनं माझा दंड धरला. "टीचर, नगं," ती कुजबुजली. "समदी बघत्यात."

टीचर. तिथंसुद्धा. नियम.

मी माइक तोंडाशी धरला. आधी माझाच श्वास सगळ्या हॉलभर ऐकू आला. मग मी मराठीत बोलले. त्या स्टेजवर पहिल्यांदा.

"ही माझी आई आहे. मी इथं शिकत होते तेव्हा हिला मावशी म्हणायचे, कारण तो नियम होता. तो मी आज मोडतेय. या कागदावर लिहिलंय की हिला अठरा वर्षांत कुणी बसलेलं पाहिलं नाही. ते खरं आहे. हिला इथं बसू दिलेलं नाही. हिच्या पायाच्या शिरा त्यानं नासल्या आणि घोट्यावर जखम झालीय. मघाशी ज्यांना वास आला, तो त्या जखमेचा आहे. आई बसल्याशिवाय मी पुढचं नाव वाचणार नाही. आणि उद्यापासून माझ्या वर्गातली खुर्ची दाराबाहेर असेल. ज्या मावशीची पाळी असेल ती तिच्यावर बसेल. कुणाला ती उचलून न्यायची असेल त्यांनी माझ्यासमोर न्यावी. आई, हितं बस. पाय वर घे."